कासार गल्लीतली फक्की

नोटीस आप्पांच्या नावाची होती आणि तिच्यातलं वाक्यन्‌वाक्य माझं होतं.

महापालिकेचा शिपाई ती दुपारीच देऊन गेला होता. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. कागद मांडीवर, चष्मा खिशात.

"वाच की जरा," ते म्हणाले. "बारीक अक्षर हाय."

मी वाचायला लागले. 'जलवाहिनी, बिडाची, अठरा इंची, कासार गल्ली. सदर मालमत्तेचे पालक: श्री. बिरदेव मायाप्पा कोळेकर, सेवानिवृत्त चावीवाले. पालकास मालमत्तेची माहिती होती. पालकाने ती माहिती नगरकोशास कळवली नाही. सबब शुक्रवार, दिनांक सतरा रोजीच्या दुर्घटनेस व त्यातील एका मृत्यूस पालक प्रथमदर्शनी जबाबदार आहेत.' खाली सोमवारच्या सुनावणीची वेळ, आणि कबुली द्यायची असल्यास सहीसाठी एक रिकामी चौकट.

"कुणी लिवलंय?" आप्पांनी विचारलं.

"यंत्रानं."

"मंजी तूच की."

त्यात टोमणा नव्हता. महापालिकेचं यंत्र माझ्या लेकीनं केलंय, हे ते अडीच वर्षं भेटेल त्याला सांगत आलेले. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. "कुठं करू सही?"

मी कागद ओढून घेतला. "वेड लागलंय का तुम्हाला? ही सही म्हणजे सुमनताईंना तुम्ही मारलं असं लिहून देणं. उद्या पोलीस येतील दारात."

"म्या चुन्याची फक्की मारली हुती, वृषा. पर उभा ऱ्हायलो न्हाई," आप्पा म्हणाले. "उभा असतो तर ती बाई वाचली असती. यंत्र काय खोटं बोलतंय?"

चाळीस वर्षं या माणसाने भद्रापूरला पाणी सोडलं. आणि आता तो स्वतःला गुन्हेगार ठरवून मोकळा झाला होता, कारण त्याच्या लेकीचं यंत्र तसं म्हणत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर संन्यासी फास स्वतःच गळ्यात घालून घ्यायला निघाला होता. मला इतका संताप आला की मी ते पेन अंगणात फेकून दिलं.

०

यंत्र काय होतं ते आधी सांगते.

२०३५ साली महापालिकेने मला नोकरीवर घेतलं ते एका प्रश्नाच्या उत्तरासाठी: रस्त्याखाली काय आहे? हे अकरा खात्यांना थोडं थोडं ठाऊक होतं आणि पुरतं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणीखातं व्हॉल्व्हच्या नंबरावरून बोलायचं, वीजवाले डीपीवरून, रस्तेवाले जुन्या जकात नाक्यापासूनच्या अंतरावरून, गॅसवाले उपग्रहाच्या आकड्यांवरून. चौकातला एकच खांब चार दप्तरांत चार नावांनी उभा होता. खोदायचं तर अकरा दाखले लागत. म्हणून लोक दाखल्याविना खोदत आणि काहीतरी तोडून ठेवत.

अशा वेळी सगळ्या याद्या एका मोठ्या यादीत ओतून भागत नाही, कारण यादीला समज नसते. समजा मी म्हटलं की पारूबाई माझी आत्या. तुम्हाला लगेच कळतं की ती आप्पांची बहीण, आमचं घर हे तिचं माहेर, तिची मुलं माझी आतेभावंडं. यातलं मी काहीच सांगितलेलं नाही. 'आत्या' या नात्याचा नियम तुमच्या डोक्यात आहे आणि त्यावरून बाकीचं तुम्ही काढलंत. शहराच्या बाबतीत यंत्राला असेच नियम शिकवायचे असतात. व्हॉल्व्ह असला की तो कुठल्यातरी वाहिनीवर असणारच. वाहिनी कुठूनतरी निघते, कुठंतरी पोचते, आणि तिचा कुणीतरी पालक असतो. असं सगळं नातंगोतं मांडलं की अकरा खात्यांच्या याद्या एकमेकींशी बोलू लागतात, आणि कुणीच न सांगितलेल्या गोष्टीही यंत्र स्वतः काढू शकतं. या मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. आम्ही आमच्या मांडणीचं नाव नगरकोश ठेवलं होतं.

या सगळ्याच्या बुडाशी एक नियम होता. मी आत्याचा उल्लेख केला नाही, म्हणून मला आत्याच नाही असं होत नाही. बसच्या आरक्षणाची गोष्ट वेगळी. तिथे यादीत नाव नाही म्हणजे जागा नाही, विषय संपला. जमिनीखाली मात्र नोंद नाही याचा अर्थ फक्त नोंद नाही, एवढाच. म्हणून नगरकोशाच्या नकाशावर तीन रंग होते. लाल म्हणजे खोदू नका, हिरवा म्हणजे खोदा, आणि पिवळा म्हणजे माहीत नाही, माणूस बोलवा.

माणूस म्हणजे चावीवाला. भद्रापुरात रोज पाणी कुणालाच येत नाही. प्रत्येक गल्लीचे पाण्याचे वार ठरलेले. खांद्यावर लोखंडी चावी टाकून फिरायचं, गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, हे त्यांचं काम. कुठली लाइन कागदावर मेलेली आणि प्रत्यक्षात जिवंत आहे, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसे. कुठे खोदकाम निघालं की चावीवाला डब्यातून चुन्याची फक्की घेऊन यायचा, खालच्या लाइनच्या वर रस्त्यावर पांढरी रेघ ओढायचा आणि त्या रेघेवर उभा राहायचा. मशीन पार होईस्तोवर हलायचं नाही, असा त्यांचा रिवाज. लेखी कुठंच नव्हता, पण कुठल्याही ठेकेदाराने तो कधी मोडला नाही.

मी निवृत्त झालेल्या सदतीस चावीवाल्यांच्या घरी जाऊन बसले. चहा प्यायले, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकल्या, आणि तेराशे बारा गोष्टी नगरकोशात 'अपुष्ट' या वर्गात लिहिल्या. अपुष्ट म्हणजे पुरावा नाही, पण जाणत्या माणसाचा शब्द आहे. त्यातली एक आप्पांची होती. कासार गल्लीतली बिडाची लाइन कागदावर रद्द झाली, पण पुढे दुष्काळात साहेबांनी तोंडी सांगून ती परत जोडली. वरच्या अंगाच्या घरांना तेवढंच पाणी. "मंगळवारी आन् शुक्रवारी धा वाजता भरती ती," आप्पांनी सांगितलेलं. "बाकीचं दिस कोरडी ठणठणीत."

०

सल्लागार निखिलेश सरंजामे यांना पिवळा रंग आवडत नव्हता.

उद्घाटनाला तीन आठवडे होते. मंत्री येणार होते. सरंजामे ज्या कंपनीकडून आले होते तिचं नाव फलकावर महापालिकेपेक्षा मोठ्या अक्षरात लागणार होतं. भिंतीवरच्या पडद्यावर भद्रापूरचा नकाशा होता आणि त्यातला चाळीस टक्के भाग पिवळा.

"'माहीत नाही' हे काय उत्तर झालं, मॅडम?" ते म्हणाले. "आपण लोकांना सांगणार, चार सेकंदांत खोदायचा परवाना. आणि यंत्र सांगणार, माणूस बोलवा? मग यंत्र कशाला घेतलं?"

"खाली काय आहे ते खरंच माहीत नाही म्हणून," मी म्हणाले.

"सगळ्या शहरात जमिनीखालचा आवाज टिपणारे कान लावलेत आपण. पाणी वाहिलं की ऐकू येतं. जिथे ऐकू आलं नाही तिथे काही नाही. आणि हे तुमचं अपुष्ट…" त्यांनी यादी खाली सरकवली. "म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत या. काढा. नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, एवढा एकच नियम घाला. पिवळा आपोआप हिरवा होतो."

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण हे गृहस्थ उंटावरून खाली न उतरता शेळ्या मोजूनही देत होते. दिवसभर मी भांडले. कान कुठल्या वारी लावले होते ते विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. ज्या गावात पाणी रोज येतं तिथले ते. संध्याकाळी आयुक्तांचा निरोप आला की वाद मिटवा.

आणि मी सही केली.

का केली? दमले होते. दोन वर्षांचं काम डोळ्यांदेखत रखडत होतं. फलकावर खाली बारीक अक्षरात का होईना माझंही नाव येणार होतं, आणि आप्पा ते वाचायला येणार होते. पुढच्या आवृत्तीत अपुष्ट वर्ग परत आणू, असं मी स्वतःला सांगितलं. तेराशे बारा नोंदी पुसल्याच्या आदेशावर माझं नाव लिहिलं आणि भद्रापूर हिरवंगार झालं. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या, आप्पांनीही.

०

सात महिन्यांनी कासार गल्लीत आडवं बोअर मारणारं यंत्र आलं. लोक त्याला घूस म्हणतात. चालक नसतो. एका तोंडाशी ते जमिनीत शिरतं आणि रस्ता न फोडता दुसऱ्या तोंडाशी निघतं. आठ घुशींवर मिळून एक देखरेख्या, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडद्यासमोर. नगरकोशाने परवाना चार सेकंदांत दिला होता.

आप्पांनी गुरुवारी संध्याकाळी घूस पाहिली. शुक्रवारी सकाळी सातलाच ते डबा घेऊन गेले आणि गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन रेघा ओढल्या. मग मला दोनदा फोन केला. मी पुण्यात एका परिषदेत नगरकोशावर बोलत होते, फोन बंद होता. देखरेख्याचा नंबर घुशीच्या पाठीवर होता, तो उचलत नव्हता. साडेनऊ झाले. दहाला लाइन भरणार. आप्पांनी विचार केला की टेकडीवरच्या टाकीवर जाऊन पाणीच बंद करावं. रेघ सोडून ते निघाले. टाकीवरच्या पहारेकऱ्याने त्यांना आत सोडलं नाही. "काका, आता चावी नसते. सगळं मोटरवर आहे," तो म्हणाला.

दहा वाजून पाच मिनिटांनी घुशीने भरलेली लाइन फोडली. रस्ता उचलला गेला. कोपऱ्यावर सुमन परीट इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. मागची भिंत त्यांच्यावर आली. चाळीस वर्षांची बाई, गल्लीतल्या निम्म्या घरांचे कपडे तिच्याकडे. आप्पांचे दोन सदरेही त्या ढिगाऱ्यात होते.

त्याच दुपारी कुणीतरी ती लाइन घाईघाईने नगरकोशात भरली. माझे नियम लगेच कामाला लागले. प्रत्येक वाहिनीला पालक हवा. पालक नोंदलेला नसेल तर शेवटची दुरुस्ती करणारा पालक. दप्तरातल्या एका जुन्या वहीत होतं: कासार गल्ली, शिसं ओतून जोड मारला, बि. मा. कोळेकर. म्हणजे त्याला माहिती होती. नगरकोशात त्याने कळवल्याची नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणजे कळवलंच नाही. शेवटची ही पायरी सरंजाम्यांच्या नियमाने चढली होती, माझ्या सहीने.

०

नोटीस हाती आली ती पुढच्या शुक्रवारी. दुसऱ्या दिवशी सरंजाम्यांचा फोन आला. आवाजात साखर होती.

"वृषाली मॅडम, मनाला लावून घेऊ नका. वय बघता त्यांना काही होणार नाही. कबुली दिली की प्रकरण मिटतं. उगाच जुन्या आवृत्त्या उकरू नका. त्यात तुमचीच सही आहे, विसरू नका."

"विसरले नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. समोर असते तर मी त्यांच्या तोंडावर काय फेकलं असतं कुणास ठाऊक.

फक्कीचा पुरावा कुठे नव्हता. रस्ता वाहून गेला होता, शेजारच्यांनी पाहिलं होतं पण साक्षीला कुणी पुढे येईना. मग मला सुचलं की घुशीला डोळा असतो. जमिनीत शिरण्याआधी ती पुढची वाट बघते आणि दिसलेल्या प्रत्येक गोष्टीला नगरकोशातला एक वर्ग लावते: माणूस, जनावर, वाहन, झाकण, कचरा. मी त्या सकाळचं चित्रण काढलं. सात वाजून बेचाळीस मिनिटं. गल्लीच्या फरशीवर तीन पांढऱ्या रेघा, सरळ, ठसठशीत. कडेला डबा घेऊन उभे असलेले आप्पा. आणि रेघांवर यंत्राने चिकटवलेली चिठ्ठी:

'रांगोळी. खात्री ९१ टक्के. अडथळा नाही.'

रांगोळीचा वर्ग मीच घातला होता. दिवाळीत घुशी दारोदार अडून बसत, म्हणून. फक्कीचा वर्ग घातला नव्हता. लहानपणापासून आप्पांच्या विजारीला चुना लागलेला पाहत आले, आणि चावीवाल्यांचा हा रिवाज आता बंदच होणार, मग कशाला, असं ठरवून मी तो सोडून दिला होता. यंत्राने बिचाऱ्याने त्याला ठाऊक असलेल्यातलं जवळचं नाव दिलं.

रविवारी संध्याकाळी मी आप्पांपुढे बसले आणि सगळं सांगितलं. पिवळा रंग, पुसलेल्या नोंदी, माझी सही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एकमेकांपासून काही लपवायची सवय नव्हती, आणि हे मी सात महिने लपवलं होतं.

आप्पा ऐकत होते. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

"म्या सांगितलेलं तू पुसलंस?"

"हो."

"मला इचारलंस न्हाई."

"नाही, आप्पा."

त्यांनी ताट बाजूला सारलं, उठले आणि आत गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी सकाळी धुतलेला सदरा घालून ते माझ्या आधीच बाहेर पडले आणि रिक्षात शेजारी बसूनही बाहेरच बघत राहिले.

०

चौकशी अधिकारी होत्या मंदाकिनी उपासनी, निवृत्त न्यायाधीश. पांढरे केस, कानाला यंत्र, समोर कागदांचा गठ्ठा. सरंजामे कडक इस्त्रीच्या कोटात आले होते, आणि ती इस्त्री बघूनच माझं डोकं फिरलं. शेवटच्या खुर्चीवर सुमनताईंचा भाऊ बसला होता.

"बिरदेव कोळेकर, कबुली द्यायची आहे का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"व्हय," आप्पा उठत म्हणाले.

"नाही!" मी ओरडलेच. "आधी माझं ऐका."

मी चित्रण पडद्यावर लावलं. तीन रेघा, आप्पा, डबा, चिठ्ठी. मग मागून आवाज आला.

"रांगोळी?" सुमनताईंचा भाऊ उभा राहिला होता. "माझ्या बहिणीच्या दारात मरण आलंय हे माणूस सांगून गेला, आन् तुमी त्याला रांगोळी म्हणला?"

बाईंनी त्याला खाली बसायला सांगितलं, पण हळू आवाजात.

"ही सिस्टिमची तांत्रिक मर्यादा आहे," सरंजामे म्हणाले. "मुख्य मुद्दा राहतोच. त्यांनी रीतसर कळवल्याची नोंद नाही."

"होती," मी म्हणाले आणि जुनी आवृत्ती उघडली. आप्पांचे शब्द, तारीख, वार, वेळ: मंगळवार, शुक्रवार, दहा वाजता. "दोन वर्षांपूर्वी कळवलंय. कासार गल्लीत कान लावले तो बुधवार होता. बुधवारी ती लाइन कोरडी असते, म्हणून ऐकू आलं नाही. आणि ही नोंद पुसल्याचा आदेश हा. खाली सही माझी आहे."

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते.

बाईंनी चष्मा काढला. "एक सांगा. मला कळेल असं. नोंद पुसली तरी यंत्राने तिथे काही नाही असं का धरलं?"

"बाई, तुम्हाला आत्या आहे?"

"होती. का?"

"आज सकाळपासून तुम्ही तिचं नाव काढलं नाहीत. म्हणून तुम्हाला आत्या नव्हतीच, असं मी म्हटलं तर? यंत्र आधी असं म्हणत नव्हतं. 'माहीत नाही' म्हणत होतं. 'माहीत नाही' हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडातून काढून घेतलं. पडदा हिरवा दिसावा म्हणून. काढून टाका असं यांनी सांगितलं आणि मी काढलं."

बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "या गोष्टी यंत्रात भरा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर. आणि त्यालाच विचारा, जबाबदार कोण."

मी भरल्या. जुनी नोंद, आदेश, सही, चित्रण. फक्कीसाठी नवा वर्ग केला: 'जाणत्या माणसाने दिलेली धोक्याची खूण.' दोन मिनिटांचं काम. दोन वर्षांत मी ते केलं नव्हतं. मग प्रश्न विचारला.

यंत्राला चार सेकंद लागले. 'श्री. बिरदेव मायाप्पा कोळेकर यांची नोटीस रद्द.' आणि खाली नवी नोटीस. 'ज्ञात माहिती पुसण्यास जबाबदार: श्रीमती वृषाली बिरदेव कोळेकर, मुख्य अभियंता, नगरकोश.'

एवढंच. दुसरं नाव नव्हतं.

सरंजामे खुर्चीत मागे रेलले. "करारानुसार सल्लागार सल्ला देतो, निर्णय घेत नाही. कोशात सल्लागाराला जबाबदारी जोडलेलीच नाही. यंत्र बोललं, आता आम्ही काय बोलणार?"

तेही खरं होतं. करार वाचून तो नियमही मीच घातला होता.

बाईंनी नोटीस छापून घेतली, समोर ठेवली आणि खालच्या कोऱ्या जागेत शाईच्या पेनाने लिहायला लागल्या. निखिलेश सरंजामे, पूर्ण नाव, हुद्दा, कंपनी.

"हे कसं काय?" सरंजामे ताठ झाले. "यादीत माझं नाव नाही!"

"यादीत नाही म्हणून नाही असं होत नाही," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आत्ताच शिकले." त्यांनी आयुक्तांचंही नाव लिहिलं आणि कागदावर शिक्का मारला. शहरातल्या सगळ्या घुशी त्याच क्षणी थांबवायचा आणि तेराशे बारा नोंदी परत भरायचा आदेश त्यांनी तोंडी दिला, मग लेखी.

०

बाहेर पायऱ्यांवर आप्पा माझी वाट बघत उभे होते. मी नोटीस घडी करून पिशवीत टाकत होते.

"वाच," ते म्हणाले. कालपासूनचा त्यांचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मी वाचली. माझं नाव आलं तसं त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. वृषाली बिरदेव कोळेकर.

"माझं नाव हितं बी हाय की."

तीन दिवस जिवाचं रान करून मी ते नाव कागदावरून काढायला निघाले होते, आणि ते माझ्या नावाच्या मधोमध बसलेलं होतं. "ते निघत नाही, आप्पा," मी म्हणाले. "मला माफ करा."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. ते माफ करणाऱ्यांतले नव्हते आणि त्यांनी करूही नये. पुसलेली गोष्ट मी परत लिहिली होती, पण सुमनताई काही परत येणार नव्हत्या, आणि ते त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. नोटिशीच्या तळाशी कबुलीची चौकट होती. आप्पांनी खिशातून पेन काढलं, अंगणातून शोधून आणलेलं तेच पेन, आणि माझ्या हातात दिलं.

"सही करू नकोस, वकील बघ, बाहेरगावी जा, आजारी पड," मी स्वतःशीच बोलत होते. "सरंजाम्यांची माणसं काय काय सांगतील आता."

"सांगू देत," आप्पा म्हणाले. "फक्की मारलीस न्हवं? मग आता तिच्यावर उभी ऱ्हा. मशीन जाईस्तवर हलायचं न्हाई."